कात्री आधी, कॉम्प्युटर नंतर

व्हिडिओ एडिटर व्हायचे तर महागडा कॉम्प्युटर आणि मुंबईतला कोर्स हवाच, हा समज नाशिककरांनी तरी बाळगू नये. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या (1913) वेळी फिल्मच्या कडांना भोके पाडणे, ती धुणे, जोडणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरातच शिकल्या. भारतातल्या पहिल्या फिल्म एडिटर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्यापुढे ना संस्था होती, ना पाठ्यपुस्तक. त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले आणि पुढचे चित्रपट इथे घडले.

आज 'दा विंची रिझॉल्व्ह' या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती शिकाऊला पुरून उरते. घोडे अडते ते निवडीपाशी: तासाभराच्या चित्रणातली कोणती तीन मिनिटे ठेवायची? ते कापून-कापूनच कळते. म्हणून लग्नाचे, कीर्तनाचे, शाळेच्या गॅदरिंगचे दुसऱ्याने केलेले चित्रण मागून घ्यावे. स्वतःच्या शॉटवर जीव जडतो आणि कात्री चालत नाही. 'आता एआयच कापेल' हा आक्षेप अर्धाच खरा. अडखळणे, रिकाम्या जागा यंत्र काढते (काढू द्यावे!), पण उत्तराआधीची कोणती शांतता राखायची, हे त्याला माणसानेच सांगावे लागते. सिनेमाच करायचा तर रीतसर शिक्षण हवे, हे म्हणणे मात्र रास्त आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय) एडिटिंगचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. प्रवेश पदवीनंतर, परीक्षेने.