उशिरा रडलेल्या बाळाची शुगर

'बाळ उशिरा रडलं, म्हणून पेटीत ठेवलंय.' मराठवाड्यात नवजात कक्षाबाहेर सतरंजी टाकून बसलेल्या आजीला विचारलं, की बहुधा हेच उत्तर येतं. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचं. त्याच्या रुग्णालयाला सगळा मुलूख नुसतं 'घाटी' म्हणतो. सिल्लोड, कन्नड, पैठणकडची बाळं इथवर येतात, तेव्हा घरच्यांच्या डोक्यात एकच काळजी असते, श्वासाची. आत मात्र लगेच दुसरा प्रश्न निघतो: शुगर किती? आजी चक्रावते. ज्याच्या तोंडात अजून काही गेलंच नाही, त्याला कसली साखर?

परिचारिका टाच कोमट करते, मधोमध नव्हे तर कडेला टोचते, पहिला थेंब पुसून दुसरा पट्टीवर घेते. घरोघरी मधुमेहींकडे असतं तेच यंत्र. आकडा ४५ च्या खाली आला, की धावपळ सुरू होते.

पोटात असताना बाळाला साखर नाळेतून अखंड मिळते. शेवटच्या आठवड्यांत त्यातली थोडी यकृतात साठते. नाळ कापल्यावर दूध उतरेपर्यंतची ती शिदोरी. प्राणवायू असेल, तर साखरेच्या एका रेणूतून पेशीला ऊर्जेची जवळपास तीस नाणी मिळतात. नसेल, तर फक्त दोन. म्हणजे तेवढंच काम निभवायला पंधरापट साखर जाळायची, आणि वर आम्ल साचतं ते वेगळंच. गुदमरलेल्या बाळाची शिदोरी अशी बघता बघता संपते.

त्यात मेंदूचा घाव दुहेरी. श्वास परतल्यावर काही तास सगळं सावरल्यासारखं दिसतं. साधारण सहा तासांनंतर पेशींची ऊर्जा पुन्हा ढासळू लागते, झटके येतात. या मधल्या काळात साखरही घसरली, तर जखमेवर जखम. खूप घसरली, तर मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागाला विशेष धोका.

उलटही घडतं. संकटात ॲड्रेनॅलिन उसळतं आणि यकृतातला साठा रक्तात ओततं, आकडा दीडशेपार जातो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, गुदमरलेल्या बाळांचं डोकं थंड ठेवून पाहणाऱ्या 'कूलकॅप' चाचणीतल्या नोंदी पुढे पुन्हा तपासल्या गेल्या. पहिल्या बारा तासांत साखर फार कमी झालेली आणि फार वाढलेली, दोन्ही प्रकारची बाळं दीड वर्षांनी इतरांच्या मागे पडलेली दिसली. मात्र वाढलेली साखर हा कधी कधी घावाच्या खोलीचा नुसता आरसा असतो. आकडा वाढला म्हणून लगेच इन्सुलिन टोचत नाहीत. आधी सलाईनमधून जाणारी साखर किती, ते पाहतात.

अशा बाळाला ७२ तास ३३.५ अंशांवर थंड ठेवणं हा श्रीमंत देशांतला रूढ उपचार. आपल्याकडचा अनुभव वेगळा निघाला. २०२१ साली निकाल आलेल्या 'हेलिक्स' चाचणीत भारत, श्रीलंका, बांगलादेशातली ४०८ बाळं होती; मुंबईचं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालयही त्यात होतं. थंड केलेल्यांपैकी ४२ टक्के बाळं दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. मला तर वाटतं, म्हणूनच इथे त्या टाचेच्या थेंबाचं मोल आणखी वाढतं.

उपाय दिसायला किरकोळ आहे. किलोमागे दोन मिली, दहा टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, शिरेतून. तीन किलोच्या बाळाला सहा मिली, म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम साखर. चहाचा चमचा तिने नीट झाकतही नाही. मग मिनिटाला किलोमागे सहा मिलिग्रॅम, थेंब थेंब. सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची हौस इथे महागात पडते: असं बाळ धड गिळत नाही, मध श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि त्यातल्या जंतूंचा धोका तर धडधाकट बाळालाही असतो. धडधाकट बाळाला तासाभरात आईचा चीक पाजावा, बस्स.

गावाकडून आलेल्या चिठ्ठीवर जन्माची आणि रडण्याची वेळ बहुधा असते. शुगरचा आकडा आणि तो कधी घेतला ते तिथेच लिहिलेलं असलं, तर इथल्या डॉक्टरचा अंदाजात जाणारा वेळ वाचतो. अर्ध्या तासाने परिचारिका पुन्हा पेटीपाशी येते. या वेळी दुसरी टाच धरते; पहिलीवर आधीच चार टोचे दिसताहेत.