चुळबुळ्या पोराला कोळ्याचं औषध
घरभर धुडगूस घालणारं, पण ढोलकी वाजली की तालात रमणारं पोर दिसलं की होमिओपॅथला 'टॅरेंट्युला हिस्पॅनिका' आठवतं. हे दक्षिण युरोपातल्या एका कोळ्यापासून बनतं. तो चावला की विष उतरेपर्यंत नाचायचं, अशी इटलीतल्या तारांतो भागातली जुनी समजूत. (दंश खरं तर किरकोळच.) संगीताने निवळणारी अस्वस्थता हे औषधाचं लक्षण या समजुतीशी फारच जुळतं! औषधाच्या नावापुढचं '३० सी' म्हणजे एकास शंभर असं ३० वेळा पातळ केलेलं. त्यात कोळ्याचा रेणूही उरत नाही. २००७च्या कोक्रेन आढाव्यात अतिचंचलतेवर होमिओपॅथीचा ठोस फायदा आढळला नाही. गोळ्या देत असलात तरी बालविकासतज्ज्ञांची तपासणी टाळू नका, आणि डॉक्टरांनी दिलेलं चालू औषध परस्पर बंद तर करूच नका.