‘थ्री हेल्ड इन धुळे’ : बातम्यांच्या शीर्षकांतून इंग्रजी शब्द कसे शिकायचे?

धुळ्याच्या एका अभ्यासिकेत पेटची तयारी करणाऱ्या एका मुलाने मला विचारलं, “दादा, ‘थ्री हेल्ड इन धुळे’ म्हणजे तीन काय भरवले?” प्रश्न हसण्यासारखा अजिबात नव्हता. ‘एक्झाम हेल्ड’, ‘मीटिंग हेल्ड’ हेच आपण कॉलेजच्या नोटीस बोर्डवर वाचत आलो. शीर्षकात मात्र ‘हेल्ड’ म्हणजे अटक. शब्द ओळखीचा, अर्थ अनोळखी. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि एम.ए., एम.एस्सी.नंतर एकदम इंग्रजी शोधनिबंध, असा ज्यांचा प्रवास आहे त्यांची खरी अडचण इथेच असते.

“रोज इंग्रजी पेपर वाच” हा सल्ला सगळेच देतात. तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. शब्दसंग्रहावरचं संशोधन काय सांगतं ते आधी पाहू.

न्यूझीलंडचे भाषाअभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 मध्ये हिशोब मांडला. मजकुरातले 98 टक्के शब्द माहीत असले की वाचन विनाअडथळा होतं, असं धरलं तर इंग्रजी वर्तमानपत्रासाठी साधारण 8,000 ते 9,000 शब्दकुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे ‘ॲनालाइझ, ॲनालिसिस, ॲनालिटिकल’ हे सगळे मिळून एक. 98 टक्के म्हणजे पन्नास शब्दांत एकच अडणारा. आता आठ शब्दांचं शीर्षक घ्या. त्यातले दोन अडले तर तुमच्या हातात उरले 75 टक्के. म्हणजे नुसत्या शीर्षकावरून अर्थाचा अंदाज बांधणं हा जवळजवळ जुगारच आहे.

यावर उपाय आपल्याच इतिहासात सापडतो. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ सुरू केलं. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. आपण तेच करायचं. आधी मराठी पेपरातली जळगाव-धुळ्याची बातमी वाचायची, मग तीच इंग्रजीत शोधायची. कपाशीची खरेदी, रावेरकडच्या केळीचं वादळाने झालेलं नुकसान, भुसावळचं तापमान यातलं काय घडलंय ते तुम्हाला आधीच ठाऊक असतं. त्यामुळे शीर्षकात जो संदर्भ नसतो तो तुमच्या डोक्यात तयार असतो. ‘मर्क्युरी सोअर्स’ वाचलं की डिक्शनरी उघडायची गरजच नाही, आपल्याकडेही पाराच चढतो!

शीर्षकाचं व्याकरण वेगळं असतं

हाइनरिख स्ट्राउमान यांनी 1935 मध्येच इंग्रजी शीर्षकांच्या भाषेवर पुस्तक लिहिलं होतं. चार नियम लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होतं.

1. ‘ए, ॲन, द’ आणि ‘इज, आर’ गाळलेले असतात.
2. कालची घटना वर्तमानकाळात येते. ‘हायकोर्ट क्वॅशेस ऑर्डर’ म्हणजे आदेश रद्द केला.
3. ‘टू’ अधिक क्रियापद म्हणजे पुढे होणारी गोष्ट. ‘युनिव्हर्सिटी टू होल्ड पेट’ म्हणजे पेट होणार आहे.
4. नुसतं भूतकाळी रूप बहुतेक वेळा कर्मणी असतं. ‘थ्री हेल्ड’ म्हणजे तिघांना पकडलं, तिघांनी काही पकडलं नाही.

शिवाय जागा कमी, म्हणून शब्द आखूड. चौकशीला ‘प्रोब’, मंजुरीला ‘नॉड’, वाढीला ‘हाइक’, वादाला ‘राव’. या ‘राव’चं स्पेलिंग आर-ओ-डब्ल्यू. तेच स्पेलिंग तुमच्या तक्त्यात आलं की उच्चार ‘रो’ आणि अर्थ आडवी ओळ.

पण शोधनिबंध या भाषेत लिहीत नाहीत

ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली ‘अकॅडमिक वर्ड लिस्ट’ प्रसिद्ध केली. त्यात 570 शब्दकुटुंबं आहेत. शैक्षणिक मजकुरातले सुमारे 10 टक्के शब्द या यादीतले असतात, वर्तमानपत्रात मात्र सुमारे 4 टक्केच. म्हणजे पेपर वाचून पाया पक्का होतो, पण ‘हायपॉथेसिस’, ‘व्हेरिएबल’, ‘डिराइव्ह’ यांची गाठ तिथे क्वचितच पडते.

माझंच सांगतो. पहिल्या संशोधन आराखड्यात मी ‘धिस स्टडी प्रूव्ह्ज’ असं ठोकून दिलं होतं. मार्गदर्शकांनी त्या एका शब्दाभोवती लाल गोल काढून विचारलं, “अजून माहिती गोळा केलेली नाही, सिद्ध कुठून झालं?” ती चूक इंग्रजीची वाटते, पण मुळात ती संशोधनाची चूक आहे. कारण क्रियापदात तुमचा दावा किती जोरकस आहे ते ठरतं. समजा एका पाहणीत केळी खाणाऱ्यांमध्ये ताण कमी आढळला. शीर्षक म्हणेल, ‘बनानाज कट स्ट्रेस’. शोधनिबंध म्हणेल, ‘असोसिएटेड विथ’, म्हणजे दोन गोष्टी सोबत आढळल्या. केळीमुळेच ताण घटला असं तो म्हणत नाही. तसंच ‘सिग्निफिकंट’चं. बातमीत तो ‘महत्त्वाचा’, संख्याशास्त्रात ‘नुसत्या योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता फार कमी’. युजीसीच्या 2022 च्या नियमावलीनुसार पीएच.डी. प्रवेश परीक्षेचा निम्मा भाग संशोधन पद्धतीचा आहे. तिथे हा फरक थेट गुण देतो किंवा घालवतो.

मग रोज काय करायचं?

वीस मिनिटं पुरतात. एक ओळखीची बातमी मराठीत वाचा, मग इंग्रजीत. शीर्षक वहीत उतरवा आणि गाळलेले शब्द भरून त्याचं पूर्ण वाक्य करा. नवे शब्द दोनच घ्या, आणि प्रत्येकासमोर ‘हाच अर्थ शोधनिबंधात कोणत्या शब्दाने येईल?’ हा रकाना ठेवा. ‘प्रोब’समोर ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘हाइक’समोर ‘इन्क्रीज’.

जळगावकरांना तर सराफ बाजाराची सोय आहे. सोनं किंचित वधारलं की ‘एजेस अप’, उसळलं की ‘सर्जेस’, घसरलं की ‘स्लिप्स’, कोसळलं की ‘प्लंजेस’. आठवडाभर हे भाव लिहा आणि शनिवारी त्यांचा आलेख काढून चार वाक्यांत वर्णन करा, पण शोधनिबंधाच्या शब्दांत : ‘इन्क्रीज्ड स्लाइटली’, ‘डिक्लाइन्ड शार्पली’. प्रबंधातलं निष्कर्षाचं प्रकरण लिहिताना हाच सराव कामी येतो.

वही मिटून आठवायला विसरू नका. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच सर्वांत वेगाने विसरतं. उजळणीसुद्धा म्हणूनच लवकर सुरू करायची.

तो अभ्यासिकेतला मुलगा आता शीर्षक वाचून आधी विचारतो, “दादा, हे कर्मणी आहे ना?” शब्द त्याचे अजूनही अडतात. पण कुठे आणि का अडलं हे तो सांगू शकतो, आणि संशोधनाची सुरुवात तिथूनच होते. आज रात्री एक शीर्षक घ्या आणि त्याचं पूर्ण वाक्य करून पाहा.