खुळ्याचा शहाणपणा

दोघे एकाच कामावर. दोघांनी मनापासून केलं तर प्रत्येकी 3 गुण. एकाने अंग चोरलं आणि दुसरा राबला, तर चोरणाऱ्याला 5, राबणाऱ्याला भोपळा. दोघांनीही चोरलं तर एकेक. रोज हाच डाव. विश्वास ठेवायचा का?

1980च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांनी या कोड्यावर संगणकी स्पर्धाच लावली. एकाहून एक चलाख प्रोग्रॅम आले. जिंकला सगळ्यांत छोटा, अनातोल रॅपोपोर्ट यांचा 'जशास तसे': आधी सहकार्य, मग समोरच्याने गेल्या डावात जे केलं तेच. दुसऱ्या स्पर्धेला 62 प्रोग्रॅम आले, तरी तोच जिंकला.

पण खरी माणसं चुकतात. समजा, एकाची फाईल पाठवायची राहून गेली. मुद्दाम नव्हे, विसरला. 'जशास तसे' हे ऐकून घेत नाही. आज याने चोरलं म्हणून उद्या तो चोरणार, परवा पुन्हा हा. सरासरी 3वरून अडीचवर येते आणि पुढची चूक होईपर्यंत उट्टं काढणं थांबत नाही.

1993मध्ये मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड यांनी अशा चुकांसह सिम्युलेशन चालवलं, तेव्हा वर आला वेगळाच गडी: 'पाव्हलॉव्ह'. गुण बरे मिळाले तर तीच चाल, नाहीतर बदल. फाईल राहिली? दुसऱ्या डावात दोघेही चोरतात, एकेका गुणावर दोघांनाही खटकतं, तिसऱ्या डावात दोघेही कामाला लागतात. गंमत म्हणजे 1965च्या पुस्तकात याच चालीला 'खुळा' ठरवणाऱ्या दोघांपैकी एक होते खुद्द रॅपोपोर्ट!

संगणकाने विजेता दाखवला; पण स्वार्थी, हिशेबी माणसाने तसं का वागावं? उत्तर आलं चेन्नईच्या तरमणीतून. टायडेल पार्क या आयटी संकुलात शेकडो टीम डेडलाइनशी झुंजतात, त्याच भागात गणितीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या व्ही. शशिदेवन आणि सिताभ्र सिन्हा यांनी 2015मध्ये थेट गणितज्ञ नॅश यांच्या चौकटीवरच बोट ठेवलं. दुसऱ्याची चाल तशीच राहील असं धरून मी माझी बदलून पाहायची, ही ती चौकट. पण तो माझ्याच जागी आणि माझ्याइतकाच हुशार असेल, तर माझं डोकं पोचतं तिथेच त्याचंही पोचणार. 'मी चोरेन, तो राबेल' हे मग धरताच येत नाही. 2016मध्ये त्यांनी खेळाडूंना फक्त गेल्या डावाची आठवण दिली आणि गणितातून बाहेर पडला तोच खुळा पाव्हलॉव्ह.

मला हा युक्तिवाद देखणा वाटतो, पण पुरता पटत नाही. 'माझ्याच जागी' हीच त्यातली मेख. टीम लीड आणि कालच रुजू झालेला ट्रेनी कुठे एका जागी असतात? शिवाय अट्टल कामचुकाराशी गाठ पडली, तर पाव्हलॉव्ह एक दिवसाआड फुकट राबतो. 'जशास तसे' फसतो फक्त पहिल्या दिवशी.