नाकासमोर उडणारं जुनं विमान

नकाशावर पेण आणि रोहा पाहिले की एक गोष्ट चटकन लक्षात येते. रोहा हे पेणच्या जवळजवळ नेमक्या दक्षिणेला आहे. रेल्वे कासू, नागोठणे, निडी करत वळणावळणाने रोह्याला पोहोचते. आकाशातून सरळ मोजलं तर अंतर साधारण ३३ किलोमीटर. दोन्ही गावांत धावपट्टी नाही. तरीही छोट्या विमानाचं शास्त्र समजून घ्यायला हा टप्पा फार सोयीचा आहे. सेस्ना १७२ सारखं चार आसनी विमान १०० नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर वेगाने निघालं, तर पेणवरून रोह्यावर यायला त्याला अकराच मिनिटं लागतात.

आता त्यात वारा आणू. पश्चिमेकडून २० नॉटचा वारा वाहतो आहे; पावसाळ्याच्या दिवसांत कोकणावर एवढा वारा ही नवलाची बाब नाही. वैमानिकाने होकायंत्र पाहून नाक दक्षिणेला रोखलं आणि तसंच धरून ठेवलं, तर त्या अकरा मिनिटांत वारा विमानाला साडेसहा किलोमीटरहून जास्त पूर्वेला ढकलतो. म्हणजे विमान रोह्यावर न येता कोलाडच्या वाटेवर, सह्याद्रीच्या दिशेने सरकलेलं असतं. रोह्यावरच यायचं असेल तर नाक सतत अकरा-साडेअकरा अंश पश्चिमेकडे वळवून, किंचित तिरकं उडावं लागतं. वारा जागोजागी बदलतो, त्यामुळे हा कोनही बदलत राहतो. अवघ्या अकरा मिनिटांत हे सगळं करताना वैमानिकाला रेडिओवर बोलायचं असतं, इंधन पाहायचं असतं, उंची राखायची असते. पेणच्या उत्तरेला, तीस किलोमीटरच्या आत, २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावर मोठ्या विमानांची ये-जा सुरू झाली आहे. अशा आभाळात दोनशे फूट वर-खाली होणं छोट्या विमानाला परवडत नाही.

या कामातलं निम्मं वैमानिकाच्या हातून काढून घेणारं उपकरण म्हणजे ऑटोपायलट. मोठ्या प्रवासी विमानात तो कारखान्यातूनच बसून येतो, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. खरं नवल आहे ते चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या, दोऱ्या आणि कप्प्यांवर चालणाऱ्या छोट्या खाजगी विमानात तो नंतर बसवता येतो याचं.

आधी हे पाहायला हवं की छोटं विमान सोडून दिलं तर सरळ का उडत नाही. नाक वर-खाली झालं तर शेपटीची रचना ते बऱ्याच अंशी आपोआप सावरते. पंख कलला तर मात्र तसं होत नाही. जरासा कललेला पंख हळूहळू अधिक कलत जातो, विमान वळू लागतं, नाक खाली येतं, वेग वाढतो. बाहेर क्षितिज दिसत असेल तर वैमानिक हे कळत-नकळत सावरत असतो. ढगात शिरला की क्षितिज जातं, आणि कानातली तोल सांगणारी यंत्रणा हळूहळू येणारा कल ओळखू शकत नाही. सगळं सरळ आहे असंच शरीर सांगत राहतं. उंची घटते आहे हे पाहून वैमानिक नाक वर ओढतो, आणि कललेल्या विमानाचं नाक ओढल्याने वळण आणखी घट्ट होतं.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात याचा एक प्रयोग झाला. नुसत्या उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिलं. विसापैकी एकालाही ताबा टिकवता आला नाही. त्यातले एकोणीस त्याच घट्ट होत जाणाऱ्या भोवऱ्यात सापडले. ताबा सुटेपर्यंतचा सरासरी वेळ होता १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत! पेणहून निघालेलं विमान तेवढ्या वेळात नागोठण्यालाही पोहोचत नाही. पावसाळ्यात रोह्याजवळच्या अवचितगडाचा माथा ढगात बुडालेला ज्यांनी खालून पाहिला आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या अडचणीवरचं उत्तर विमानाच्या जन्मानंतर अकरा वर्षांतच सापडलं होतं. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ बेझाँ इथे सीन नदीवर सुरक्षित विमानांची स्पर्धा भरली होती. लॉरेन्स स्पेरी हा अमेरिकी तरुण कर्टिसचं उडतं जहाज घेऊन आला. प्रेक्षकांसमोरून जाताना त्याने दोन्ही हात वर केले. पुढच्या फेरीत त्याचा मेकॅनिक एमिल काशाँ उठून थेट पंखावर चालत गेला. एका बाजूला माणसाचं वजन आलं तरी विमान कललं नाही. स्पेरीचे हात तेव्हाही मोकळेच होते. विमानाचा तोल आत बसवलेले गायरोस्कोप सांभाळत होते. स्पेरीला ५०,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं.

गायरोस्कोप म्हणजे चौकटीत बसवलेला भोवरा. वेगाने फिरणारा भोवरा आपला आस सहजासहजी बदलू देत नाही. भोवतालची चौकट, म्हणजे विमान, कललं की भोवरा आणि चौकट यांच्यात कोन तयार होतो, आणि तो कोन मोजला की विमान किती आणि कुठे कललं हे कळतं. एवढी माहिती मिळाली की उरतं ते फक्त योग्य दोरी योग्य दिशेला ओढणं.

जुन्या खाजगी विमानात ऑटोपायलट नंतर बसवल्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण वायली पोस्ट यांचं. त्यांचं 'विनी मे' हे लॉकहीड व्हेगा जातीचं लाकडी विमान १९३० मध्ये बांधलेलं. १९३१ मध्ये पोस्ट यांनी हॅरॉल्ड गॅटी या दिशादर्शकाला सोबत घेऊन त्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ८ दिवस १५ तास ५१ मिनिटांत. दोन वर्षांनी त्याच विमानात स्पेरी कंपनीचा ऑटोपायलट बसवून, जुलै १९३३ मध्ये, ते एकटे निघाले आणि ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत परत आले. माणूस एक कमी झाला, आणि वेळ २१ तासांनी घटला. पोस्ट यांना एकच डोळा होता, हे लक्षात घेतलं की या कामगिरीची उंची कळते. ऑटोपायलटच्या बिघाडामुळे त्यांना वाटेत उतरून दुरुस्त्या कराव्या लागल्या, हेही नोंदवायला हवं. त्या काळचं यंत्र एवढंच भरवशाचं होतं. पण एकट्या माणसाला झेपण्यापलीकडचं काम त्याने झेपवून दाखवलं.

त्याच सुमाराला आपल्याकडे जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. त्यांच्या पुस मॉथ विमानात ऑटोपायलट सोडाच, रेडिओही नव्हता. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून पुन्हा केला. आणि १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या आरोही पंडित यांनी भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत छोट्या विमानातून उड्डाण करून त्या प्रवासाला मानवंदना दिली, तीही जीपीएस, ऑटोपायलट आणि संगणकी उपकरणं न वापरता. मला या उड्डाणाचं मोल फार वाटतं. हाताने विमान सरळ ठेवता येणं हे कौशल्य आजही जिवंत आहे, आणि ऑटोपायलट हवा तो असं कौशल्य असलेल्याच्याच विमानात.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे वळू. सेस्नासारख्या विमानात वैमानिकाच्या हातातल्या योकपासून पंखांवरच्या एलेरॉन या हलत्या फळ्यांपर्यंत पोलादी तारेच्या केबल गेलेल्या असतात. ऑटोपायलट बसवताना पंखात किंवा आसनांखाली एक छोटी विजेची मोटर बसवतात; तिला सर्व्हो म्हणतात. सर्व्होच्या अंगावर एक चाक असतं, त्याभोवती एक बारीक केबल गुंडाळलेली, आणि तिची दोन्ही टोकं मूळ केबलला पकडींनी घट्ट आवळलेली. मूळ केबल कुठेही तोडायची नसते. सर्व्हो फिरला की मूळ केबल सरकते, एलेरॉन हलतात, आणि वैमानिकासमोरचा योकही आपसूक हलताना दिसतो. ज्याने हे पहिल्यांदा पाहिलं, त्याच्या अंगावर काटा येतो, यात शंका नाही.

या जोडणीतला सगळ्यात मोलाचा भाग मात्र मोटर नाही, तिच्यातला क्लच आहे. सर्व्हो किती जोराने ओढू शकेल याची मर्यादा मुद्दाम कमी ठेवलेली असते. ती विमानाच्या जातीप्रमाणे ठरवून दिलेली असते, आणि बसवताना मोजून तेवढीच ठेवावी लागते. त्याहून जास्त जोर आला की क्लच घसरतो. म्हणजे यंत्र बिघडून भलत्याच दिशेला ओढू लागलं, तर साध्या ताकदीच्या माणसालाही योक धरून त्याच्यावर मात करता आली पाहिजे. यंत्र जितकं बलवान तितकं चांगलं, असं आपल्याला इतर ठिकाणी वाटतं. इथे यंत्राचं दुबळेपण हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि तो अभियंत्यांनी विचारपूर्वक दिलेला आहे. वाऱ्याच्या झोतात पंख सावरण्याइतकी ताकद त्याला हवी, पण वैमानिकाच्या मनगटापेक्षा जास्त नको.

जुन्या पद्धतींत काही फार देखण्या होत्या. अमेरिकेतल्या मूनी कंपनीने १९६५ पासून आपल्या छोट्या विमानांत पंख सपाट ठेवणारी यंत्रणा कायमची चालू ठेवून दिली. ती विजेच्या मोटरवर चालत नव्हती. इंजिनावरच्या पंपाने निर्माण केलेल्या हवेच्या ओढीवर चालत होती. वळायचं असेल तेव्हा वैमानिकाने योकवरचं बटण दाबून धरायचं, बटण सोडलं की विमान पुन्हा आपणहून सपाट. म्हणजे ढगात गोंधळलेल्या माणसाने काहीही न करणं हाच बचाव. इतका साधा आणि इतका माणुसकीचा विचार यंत्ररचनेत क्वचित दिसतो.

त्या काळच्या पुष्कळ ऑटोपायलटना एक खोट होती. ते समोरच्या कृत्रिम क्षितिजाच्या गायरोकडून माहिती घेत, आणि तो गायरो हवेच्या पंपावर फिरे. पंप बंद पडला की गायरो एकदम थांबत नाही; मंदावत जातो आणि हळूहळू एका बाजूला झुकतो. ऑटोपायलट त्या झुकणाऱ्या गायरोवर विश्वास ठेवून विमानालाही इमानाने तेवढंच झुकवत नेतो. म्हणून पुढे काही कंपन्यांनी आपल्या यंत्राला वेगळा डोळा दिला: विजेवर फिरणारा, सुमारे तीस अंश तिरका बसवलेला गायरो. तो कल मोजत नाही; विमान कोणत्या बाजूला किती वेगाने वळतं आहे ते मोजतो. हवेचा पंप गेला तरी हा चालू राहतो. आजच्या यंत्रांत फिरणारा गायरो उरलेला नाही. हालचाल ओळखणाऱ्या सूक्ष्म चकत्या, जीपीएस आणि एक छोटा संगणक मिळून तेच काम करतात, आणि एका सर्व्होचं वजन किलोच्या आसपास असतं. काहींमध्ये एक खास बटण असतं. विमान कललेलं असताना ते दाबलं की यंत्र पंख सपाट करून विमान स्थिर करतं. इलिनॉयच्या त्या वीस वैमानिकांना हे बटण मिळालं असतं तर, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

पण बाजारात मिळतो म्हणून कुणी ऑटोपायलट आणून बसवू शकत नाही. विमानाच्या प्रत्येक जातीला मूळ मंजुरी असते आणि तीत मोठा बदल करायचा तर पूरक मंजुरी लागते. तीच कंपनी, तेच यंत्र, पण सेस्नासाठी मंजूर असलेलं पायपरला चालेलच असं नाही. सर्व्होची जागा, पकडी, क्लचची मर्यादा, सगळं वेगळं. भारतात 'व्हीटी' अक्षरांनी नोंदलेल्या विमानासाठी ही मंजुरी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला मान्य असावी लागते, काम परवानाधारक देखभाल अभियंत्याने प्रमाणित करावं लागतं, विमानाचं वजन आणि गुरुत्वमध्य नव्याने मांडावे लागतात आणि उड्डाण-पुस्तिकेला पुरवणी जोडावी लागते. ही पुरवणी वाचायला सगळ्यांत आधी घ्यावी. किती उंचीखाली ऑटोपायलट बंदच ठेवायचा, कोणत्या वेगापलीकडे तो चालू करायचा नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. डोंगर त्याला दिसत नाहीत. दोन हजार फूट धर म्हटलं की तो दोन हजार फूट धरतो, समोर सह्याद्री असला तरी.

सर्वांत कपटी धोका ट्रिमचा. ट्रिम म्हणजे शेपटीवरची लहान फळी, नाक वर किंवा खाली राखण्याचा भार हलका करणारी. काही ऑटोपायलट ती स्वतः फिरवतात. चालू ऑटोपायलट विसरून वैमानिकाने योक मागे ओढला, तर यंत्राला वाटतं नाक विनाकारण वर जातं आहे; ते ट्रिम खालच्या दिशेला फिरवत राहतं. माणूस जितका ओढेल तितकं यंत्र उलट भरत जातं, आणि ऑटोपायलट अखेर सुटला की साठलेला सगळा भार एकदम हातात येतो.

म्हणूनच उड्डाणापूर्वी जमिनीवर त्याची परीक्षा घेतात. इंजिन चालू करून ऑटोपायलट लावायचा आणि योक हाताने दोन्ही बाजूंना फिरवून क्लच घसरतो का पाहायचं. मग तो बंद करण्याच्या सगळ्या वाटा एकेक करून तपासायच्या: योकवरचं लाल बटण, पॅनेलवरचा स्विच, आणि शेवटी सर्किट ब्रेकर, जो कुठे आहे ते अंधारातही बोटाला सापडावा म्हणून पुष्कळ जण त्यावर रंगीत कडं चढवून ठेवतात. ट्रिमचं चाक उड्डाणासाठीच्या खुणेवर आलं आहे ना, हे पाहूनच विमान धावपट्टीकडे न्यायचं. एवढ्याला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि यंत्र नवं असो की पन्नास वर्षांचं, ती प्रत्येक उड्डाणाआधी द्यायची असतात.