मराठी भाषकांचे स्पॅनिश क्रियापद-अध्ययन : इंग्रजी माध्यमाच्या मर्यादा

प्रस्तावना

स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा आहे. पुण्यातील मराठी विद्यार्थी ती बहुधा इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांच्या आधारे शिकतो. ही पुस्तके इंग्रजी भाषकाच्या अडचणी गृहीत धरून रचलेली असतात. परिणामी मराठी भाषकास जे सुलभ आहे ते अवघड म्हणून शिकविले जाते आणि जेथे तो खरोखर अडखळतो तेथे पुस्तक मौन बाळगते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचे क्रियापदाच्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

साम्यस्थळे

१. पुरुषवाचक प्रत्यय : ‘आब्लास’ म्हणजे ‘बोलतोस’ आणि ‘आब्लान’ म्हणजे ‘बोलतात’. दोन्ही भाषांत प्रत्ययावरून कर्त्याचा बोध होत असल्याने कर्ता अध्याहृत ठेवता येतो. इंग्रजीत तसे करता येत नाही.

२. आवड दर्शविणारी रचना : ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे ‘मला आंबा आवडतो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद आंब्याच्या वचनानुसार बदलते. इंग्रजीत आवडणारी व्यक्ती कर्ता असल्याने इंग्रजी भाषकास ही रचना उलटी वाटते. मराठी भाषकाच्या ती जिभेवरच असते.

३. भूतकाळाचे दोन प्रकार : शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० मध्ये झाली. पेशवे तेथे ‘राहत असत’, येथे ‘बिबियान’ हे अपूर्ण भूतकाळाचे रूप येते. १८२८ च्या आगीत वाडा ‘जळाला’, येथे ‘आर्दियो’ हे पूर्ण भूतकाळाचे रूप येते. इंग्रजीचा साधा भूतकाळ दोन्ही अर्थांना चालतो.

४. विध्यर्थ : ‘किएरो के बेंगास’ म्हणजे ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’. ‘यावेस’ या रूपाचे प्रयोजन ‘बेंगास’ या रूपाच्या प्रयोजनाशी जुळते.

भेदस्थळे

मराठीतही काही अडथळे आहेत. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पपई खाल्ली’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्मानुसार बदलते. स्पॅनिशमध्ये ‘कोमी एल मांगो’, ‘कोमी ला पापाया’ असा कर्तरी प्रयोगच राहतो. तसेच ‘बोलतो’, ‘बोलते’ हा लिंगभेद स्पॅनिश क्रियापदात नाही. तो विशेषणात मात्र आहे.

‘वाडा शनिवार पेठेत आहे’ आणि ‘वाडा ऐतिहासिक आहे’ या वाक्यांत मराठीत ‘आहे’ हे एकच रूप येते. स्पॅनिशमध्ये पहिल्या वाक्यात स्थानदर्शक ‘एस्ता’, तर दुसऱ्यात स्वरूपदर्शक ‘एस’ योजावे लागते. येथे मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषा सारख्याच अपुऱ्या पडतात.

आघाताचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ‘आब्लो’ या शब्दात पहिल्या अक्षरावर आघात दिल्यास ‘मी बोलतो’ आणि अंत्याक्षरावर दिल्यास ‘तो बोलला’ असा अर्थ होतो. मराठीत केवळ आघाताने असा अर्थभेद होत नसल्याने तो कानाला स्वतंत्रपणे शिकवावा लागतो.

निष्कर्ष

प्रयोग आणि विध्यर्थ या संकल्पना शनिवार पेठेतील कोणत्याही मराठी शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकविल्या जातात. स्पॅनिशच्या वर्गात मात्र हे ज्ञान बहुधा निरुपयोगी ठरते, कारण अध्यापन इंग्रजीशी तुलना करून होते. साम्यस्थळे मराठीतून स्पष्ट करून वाचलेला वेळ भेदस्थळांच्या सरावास दिल्यास अध्ययन अधिक परिणामकारक होईल. मातृभाषेचे व्याकरण हे परकीय भाषेच्या अध्ययनातील ओझे नसून भांडवल आहे.