प्रश्न विचारणारा लेथ

जिनिंग कारखान्यांचे सुटे भाग कोठे घडतात ते पाहून यावे, अशी संपादकांची सूचना होती. ज्या खामगावच्या कापसासाठी १८७० साली जलंबहून लोहमार्गाचा फाटा सरकारने सुरू केला, त्या गावाचा इतिहास सांगण्याचा मोह आवरून मी औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात शिरलो, आणि तेथील जुन्या जपानी सीएनसी लेथपाशी एका वयोवृद्ध टर्नरच्या हाताखाली शिकणाऱ्या आयटीआयच्या मुलाजवळ थांबलो.

त्या लेथवर ‘माझाट्रॉल’ ही नियंत्रणपद्धती आहे. १९८१ साली यामाझाकी कंपनीने ती आणली, तोपर्यंत हत्याराचा प्रत्येक बिंदू गणित करून जी-कोडच्या ओळींत लिहावा, अशी वहिवाट होती. माझाट्रॉलमध्ये मात्र यंत्रच क्रमाने विचारते: धातू कोणता, बारचा व्यास व लांबी किती, कोठून कोठवर कापावयाचे, आणि उत्तरे मिळताच मार्ग आखते. परंतु त्याच्या यादीत पोलाद जपानी मानकाप्रमाणे ‘एस-४५-सी’ असते आणि आपल्या बाजारात मिळतो ‘ईएन-८’. दोन्ही जवळपास एकाच जातीचे, हे ज्ञान टर्नरच्याच ठायी असावे लागते.

मला विशेष गुंतविले ते कमाल फेऱ्यांच्या प्रश्नाने. कापण्याचा वेग मिनिटाला १५० मीटर ठेवला, तर ५० मिलिमीटर व्यासावर बार धरणारा चक मिनिटाला सुमारे ९५५ फेरे घेतो, २५ वर दुप्पट. आणि टोक सपाट करताना हत्यार मध्याकडे सरकू लागले की माणसाने घातलेली मर्यादा आड येईपर्यंत फेरे वाढतच जातात. तेव्हा केंद्रोत्सारी बलाने जबड्यांची पकड सैल होते व लांब निघालेला बार वाकून फटकारतो. मुलाने मागच्या कामाचा आकडा तसाच ठेवला होता. टर्नरने त्याचा हात बटणावरून अलगद बाजूला केला. “आधी बार चकाबाहेर किती निघाला ते पाय, मंग आकडा टाक.” या एका वाक्यात जो हुन्नर आहे, तो कोणत्याही पडद्यावर उमटत नाही.

चिंता आहे ती यंत्राच्या स्मृतीची. अशा बहुतेक जुन्या नियंत्रणांत यंत्राचे सारे पॅरामीटर, म्हणजे त्याच्या मूळ मांडणीचे आकडे, बॅटरीवर जगतात; ती संपली की ते पुसले जातात, आणि मग टणक लोखंडाचा तो लेथ एक फेराही घेत नाही. म्हणून ज्यांच्या शेडमध्ये असे यंत्र असेल त्यांना माझी विनंती आहे, की पॅरामीटरची यादी आजच वहीत उतरवून घ्यावी, आणि यंत्राच्या पुस्तिकेत तसे सांगितले असेल तर बॅटरी वीजपुरवठा चालू ठेवूनच बदलावी.